सुरमाच्या शेजारी शेवाळ

आमच्या देवगडाकडची माणसं काशीला जातात, दुबईला जातात, पण वर्ध्याला कोणी जात नाही. मीही गेले नसते. मला जायचं होतं नागपूरला, आणि वाटेत लागणारा वर्धा जिल्हा खिडकीतून जेवढा दिसेल तेवढा बघायचा, असा माझा बेत होता. त्या जिल्ह्याने मला धरून ठेवलं, चांगलंच धरून ठेवलं, आणि आता घरी आल्यापासून मी भेटेल त्याला तिथल्या कारंजा गावाच्या गोष्टी सांगत सुटते. लोक विचारतात, तिकडे बघण्यासारखं काय आहे म्हणे? मी सांगते, एक जार आहे. ॲल्युमिनियमचा, गुडघ्याएवढ्या उंचीचा. मग ते विषय बदलतात.

तर आधी माझ्याबरोबर काय होतं ते सांगते. गाडीच्या मागच्या सीटवर, पट्टा बांधून बसवलेला थर्माकोलचा एक खोका होता. त्यात ड्राय आइस, म्हणजे न वितळता वाफ होऊन उडणारा बर्फ, आणि ड्राय आइसमध्ये पुरलेल्या करंगळीएवढ्या नळ्या. नळ्यांमध्ये समुद्रातलं शेवाळ. ओहोटी लागली की खडकांवर जायचं, शेवाळ खरवडायचं आणि त्याच्या आत राहणारे विषाणू शोधायचे, हा माझा धंदा. माझी आई याला अजूनही ‘चिखलात खेळणं’ म्हणते. विषाणू म्हटलं की हल्ली लोक नाकाला रुमाल लावतात, पण हे तसले नव्हेत. शेवाळाच्या एका झुबक्यात आरएनए विषाणूंच्या इतक्या जाती नांदत असतात की बघून थक्क व्हावं. काही बुरशीतल्या विषाणूंचे लांबचे भाऊबंद, काही झाडाझुडपांतल्यांचे, आणि काही असे की त्यांचं गोत्रच कुठे लागत नाही. लाल शेवाळातलं गणगोत वेगळं, तपकिरीतलं वेगळं, हिरव्यातलं तिसरंच. आणि गंमत म्हणजे त्यातल्या बहुतेकांचा शेवाळाला काही त्रास होताना दिसत नाही. पिढ्यान्‌पिढ्या एका घरात राहतात, भांडण नाही तंटा नाही. आमच्या वाडीत असं एक घर दाखवा.

पण आरएनए म्हणजे फार नाजूक प्रकरण. थंडी सुटली की त्याचे तुकडे पडायला लागतात. एकदा वितळलं की परत गोठवून काही उपयोग नाही. आणि माझ्या खोक्यातलं लाल शेवाळ तर असं की ते गेलं तर गेलंच. ज्या खडकावरून ते आणलं, त्या खडकावर आता नव्या जेटीचा भराव पडलाय. मी शेवटचं खरवडून घेतलं तेव्हा डंपर किनाऱ्यावर येऊन उभेच होते. त्या खडकाचं जे काही उरलंय ते माझ्या त्या नळ्यांमध्ये.

मागे एकदा असाच खोका कुरियरने पाठवला होता. वाटेत कोणीतरी मासे असतील म्हणून उघडून बघितला, आणि पोचला तेव्हा आत हिरवं, वास मारणारं पाणी. म्हणून या खेपेला खोका नागपूरच्या प्रयोगशाळेत पोचवायला मी स्वतः निघाले, आणि वर एक शहाणपणा केला. लालभडक स्टिकर छापून घेतला: ‘सावधान! विषाणू! उघडू नये!’ वर कवटी आणि दोन हाडं. आमच्या लॅबचा ड्रायव्हर दिगू म्हणाला, बाई, जरा जास्त होतंय. मी म्हटलं, तू गाडी चालव.

नदीअलीकडचा नाका

अमरावती सोडून वर्धा नदीकडे निघालो तेव्हा सकाळच होती, पण ऊन असं की आमच्याकडे वैशाखातही पडत नाही. होळी नुकतीच झालेली. आमचं ऊन घाम काढतं. तिथलं घामही येऊ देत नाही, नुसती कातडी ओढल्यासारखी होते. दोन्ही बाजूंना कापलेला हरभरा आणि उभा गहू, आणि मैलोन्‌मैल एकही चढ नाही. मला डोंगर नसला की उघड्यावर बसल्यासारखं वाटतं.

एका नाक्यावर गाड्या तपासत होते. हवालदाराने काचेतून आत बघितलं, त्याला कवटी दिसली, आणि तो दोन पावलं मागे सरला. मग काय! खोका बाहेर काढा. उन्हात ठेवा. झाकण उघडा. झाकण उघडल्यावर पांढरी वाफ निघाली तसा तो आणखी मागे सरला आणि साहेबाला फोन लावला. साहेब दुसऱ्या फोनवर. मी परोपरीने सांगतेय की बाबा, झाकण लाव, तुझं बोलणं होईपर्यंत लाव. तो म्हणाला, हात लावू नका, मॅडम, तुमच्यावरच लिहिलंय. खरंच होतं. माझ्याच पैशाने छापलं होतं.

साहेबाचा फोन आला, सोडा म्हणाला, सुटलो. पण तोवर निम्माअधिक ड्राय आइस हवेत गेला होता. मी दिगूला म्हटलं, आता कुठे थांबायचं नाही, चहा नाही, लघवी नाही, सरळ नागपूर. मनात हिशोब केला: पोचतो. काठावर, पण पोचतो.

तळेगाव गेलं, आणि कारंज्याच्या अलीकडे समोर ट्रकांची रांग दिसली.

कारंजा (घाडगे)

पुढे गॅसचा टँकर उलटला होता. गॅस म्हटल्यावर कोणाला जवळ जाऊ देत नव्हते. दुसरा टँकर येणार, गॅस त्यात भरणार, मग रस्ता. ट्रकवाले गाडीखाली चटया टाकून पडले होते, म्हणजे त्यांना अंदाज आला होता. मागेही ट्रक लागले, त्यामुळे आर्वीकडून फिरून जायची सोय उरली नाही. दिगू पुढे जाऊन बघून आला आणि म्हणाला, “बाई, आज काय नागपूर दिसाचा नाय.”

मी खोका उघडून बघितला. तळाशी मूठभर ड्राय आइस उरला होता.

दिगूला गाडीपाशी ठेवून मी खोका कडेवर घेतला आणि जवळच्या ढाब्यावर गेले. वाटलं, निदान फ्रीज असेल; तेवढ्या थंडीने फार भागणार नव्हतं, पण बुडत्या माणसाने काय करावं. ढाब्यावरच्या ताईंनी आधी फार आपुलकीने पाणी दिलं, बसा म्हणाल्या, आणि मग त्यांची नजर स्टिकरवर गेली. फ्रीजमध्ये पनीर आहे, ते गिऱ्हाईक खातं, असं म्हणून त्यांनी खुर्चीसकट मला बाहेर सावलीत बसवलं. रागावता येईना. मी त्यांच्या जागी असते तर खुर्चीही दिली नसती.

तिथे बसून मी नखाने स्टिकर खरवडत होते. चांगल्यातला चांगला गोंद मागितला होता मी, तो निघतोय कसला. आणि समोर बघितलं तर पलीकडून एक माणूस मोटरसायकलवर मागे गाईचा चारा बांधून चालला होता. त्या चाऱ्यावरून मला सुचलं. गाई आहेत म्हणजे जनावरांचा दवाखाना आहे. दवाखाना आहे म्हणजे कृत्रिम रेतन आहे. आणि वळूचं वीर्य भरलेल्या बारीक कांड्या ठेवतात द्रवरूप नायट्रोजनमध्ये, माझ्या ड्राय आइसपेक्षा किती तरी थंड. मी ताडकन उठले. ओढणी काढून खोक्यावर गुंडाळली, कवटी पोटाशी धरली, आणि ऑटोवाल्याने काय हाय म्हणून विचारलं तेव्हा बिनदिक्कत सांगितलं, मासे.

दवाखाना

दवाखान्यातल्या डॉक्टर प्रज्ञा माझ्यापेक्षा वयाने लहान, केस घट्ट बांधलेले, पायात गमबूट. आवारात एक पांढरी गाय बांधली होती आणि तिच्याजवळ तिचा मालक उभा होता, साठीच्या आसपासचे किसनभाऊ. ती गवळाऊ जात, आर्वी-कारंज्याकडची खास. आमच्याकडच्या बुटक्या गाईंपुढे ती म्हणजे शिडशिडीत, उंच, आणि डोळ्यांभोवती कोणी काजळ घातल्यासारखी काळी कड. गाय माजावर आली होती, म्हणून ते सकाळपासून तिला भरवायला, म्हणजे रेतन करून घ्यायला, येऊन थांबले होते.

मी डॉक्टरांना एका दमात सगळं सांगितलं. त्यांनी मला आत नेलं, तिथल्या ॲल्युमिनियमच्या जारचं झाकण काढलं आणि आत एक पट्टी बुडवली. वर काढून हवेत हलवली तसा पट्टीच्या टोकाला पांढरा दव धरला. अगदी टोकाला, म्हणजे आत नायट्रोजन तेवढाच.

नायट्रोजनची गाडी आजच नागपूरहून यायची होती, त्या म्हणाल्या. टँकरच्या पलीकडे अडकली आहे. आहे हा एवढाच. यात तुमच्या नळ्या टाकल्या की उकळून आणखी कमी होणार. उद्यापर्यंत पुरला तर पुरला, नाहीतर तुमचंही जाईल आणि आमचंही.

त्यांचं म्हणजे सुरमाच्या कांड्या. सुरमा हा किसनभाऊंचा वळू. तो चांगला निघाला म्हणून त्याचं वीर्य गोळा करून कांड्या भरल्या होत्या, तालुक्यातल्या गाईंसाठी. नंतर गुरांमध्ये लम्पी या विषाणूची साथ आली आणि सुरमा गेला. उरल्या त्या जारमधल्या कांड्या, त्याही आता थोड्याच.

मी काही बोलणार तेवढ्यात, टेबलावर ठेवलेल्या खोक्यावरून माझी ओढणी सरकली. किसनभाऊ दारात येऊन उभे होते. त्यांनी स्टिकर वाचला. सावकाश, एकेक शब्द.

“याच्यात वायरस हाये?”

मासे म्हणायची सोय होती. औषध म्हणायचीही होती. डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं, आणि मला कळलं की मी जे सांगेन ते त्या खोडणार नाहीत. मी म्हटलं, “हो. विषाणूच आहेत.”

“लम्पीत माह्या गोठ्यातले जनावरं गेले बाई. तवापासून हा शब्द आयकला का मले धडकी भरते. अन् तुमी हे सुरमाच्या बाजूले ठेवाले सांगून राह्यल्या? काऊन ठेवू देऊ म्या?”

आवाज चढला नव्हता, म्हणून मला जास्त भीती वाटली. मी सांगायला लागले. हे शेवाळातले आहेत, शेवाळाबाहेर त्यांना जगता येत नाही, गाईला, माणसाला, कुणाला काही करत नाहीत. नळ्या घट्ट बंद आहेत. ती कवटी मीच छापली, कोणी उघडू नये म्हणून, मूर्खपणा केला. ते ऐकत होते. मी शेवाळ कसं दिसतं ते सांगितलं, ओहोटीला खडकावर लालसर मखमल कशी पसरते ते सांगितलं. समुद्र त्यांनी पाहिला नव्हता. मग त्यांनी विचारलं, हे पाहून करता काय? मी म्हटलं, कोण कोण आहे ते कळतं. एवढंच. कुणी मोजलंच नाही अजून.

डॉक्टरही मग बोलल्या. कांड्या वेगळ्या, नळ्या वेगळ्या, एकाचं दुसऱ्यात जाणार नाही, त्याची हमी माझी, भाऊ. पण नायट्रोजनची हमी नाही. ते तुमचं तुम्ही ठरवा. खरं म्हणजे जार सरकारी, कांड्याही सरकारी, ठरवायचा अधिकार डॉक्टरांचाच. पण त्या गावात सुरमाच्या कांड्यांबद्दल किसनभाऊंना विचारल्याशिवाय कोणी काही करत नाही, हे मला तिथे उभ्या उभ्या समजलं.

किसनभाऊंनी जवळ येऊन जारवर हात ठेवला. इकडे माझ्या खोक्यातला शेवटचा बर्फ उडून जात होता आणि मी घड्याळाकडे बघायचं नाही म्हणून दोन्ही हात धरून उभी होते.

“तुमचं हे गेलं तं पुन्हा आनता येते का?”

“नाही. तो खडकच राहिला नाही.”

“सुरमाही नाई राह्यला,” ते म्हणाले. मग गाईचं दावं सोडायला वळले आणि जाता जाता डॉक्टरांना म्हणाले, “आधी माही गाय भरून द्या. मंग ठेवा बाईचं.”

मला तिथेच रडू आलं. रडले. लाज कसली त्यात.

पण रडायला फार वेळ नव्हता. सुरमाची एक कांडी काढून गाय भरून होताच डॉक्टरांनी जारमधला एक डबा रिकामा करून दिला. जागा मूठभर. माझ्या निम्म्या नळ्यासुद्धा त्यात बसणार नव्हत्या. लाल घ्यायचं ते ठरलेलंच होतं. उरलेल्या जागेत हिरवं की तपकिरी? तपकिरी शेवाळ आमच्या पाणबुड्याने खोल पाण्यातून आणलं होतं, जीव धोक्यात घालून. पण त्याच्या नळ्या जाड होत्या, एकीच्या जागेत हिरव्याच्या दोन बसत होत्या. मी हिरवं घेतलं. डॉक्टरांनी कपाटातून नवा पायमोजा काढला, त्यात नळ्या भरल्या, दोरा बांधला आणि मोजा हळूहळू जारमध्ये सोडला. आतून खळखळ उकळल्याचा आवाज आला. आम्हा तिघांनाही समजत होतं की तो आवाज म्हणजे नायट्रोजन उडतोय. तपकिरी नळ्या खोक्यात राहिल्या, आणि उन्हं कलेपर्यंत त्यांचा काढा झाला.

मुक्काम

त्या रात्री डॉक्टरांच्याच घरी राहिले. त्यांच्या आईने दारातच जय भीम केला आणि मी समुद्राकडची म्हणून ताटात काय वाढावं याची त्यांना काळजी पडली. पाटवडीचा रस्सा होता, ज्वारीची भाकर, आणि वर कच्चं तेल. आमच्याकडे तिखट म्हणजे नारळात विझवलेलं तिखट. तिथलं विझवत नाहीत. मी नाकातून पाणी येईतो खाल्लं. मुख्य म्हणजे मला भूक लागली होती, एवढी काळजी असून. आईंनी शेवाळ खातात का विचारलं. मी म्हटलं, काही देशांत खातात. त्या म्हणाल्या, मंग तुमी वायरससंगच खाता का? मी म्हटलं, आई, पालकातही असतात. डॉक्टर हसल्या, पण आईंनी पालकाच्या भाजीचा विषय परत काढला नाही.

दुसरा दिवस

सकाळी दवाखान्यात पोचलो तर किसनभाऊ आधीच पायरीवर बसलेले. पिशवीत संत्री. मला चार दिली, स्वतः एकही खाल्लं नाही. डॉक्टरांनी पट्टी बुडवली. दव धरला, पण असा की बोट ठेवलं तर झाकला जावा. पुन्हा झाकण लावलं आणि मग उघडायचंच नाही असं ठरलं, कारण उघडलं की आणखी उडतं. म्हणजे आत काय चाललंय ते बघायचंही नाही. जारवर ओलं पोतं टाकून सगळे बाहेर बसलो.

दिगूचा फोन आला की रस्ता एका बाजूने सुटतोय. मग परत आला की थांबवला. मग फोनच नाही. मी त्या पायरीवर उठबस करत देवगडच्या सगळ्या देवांना नवस बोलले, गाऱ्हाणं घातलं, आणि किसनभाऊ एकदाच म्हणाले, “तुमी उठून-बसून नका राहू बाई, मलेही भेव वाटते.” मग मी एका जागी बसले.

नायट्रोजनची गाडी आली तेव्हा दुपार कलली होती. डॉक्टरांनी आधी पट्टी बुडवली. वर काढून हलवली. काहीच नाही. मी डोळे मिटले. त्यांनी परत बुडवली, या खेपेला अगदी तळापर्यंत दाबून, आणि टोकाला पांढरी रेघ आली. नखाएवढी.

नायट्रोजन भरला. पण मोजा जसाच्या तसा गार आहे म्हणजे आतलं शाबूत आहे, असं होत नाही. माझं तर नागपूरला गेल्याशिवाय कळणार नव्हतं. सुरमाचं तिथे कळण्यासारखं होतं: एक कांडी वितळवून सूक्ष्मदर्शकाखाली बघायची. म्हणजे थोड्यातली एक खर्च करायची. डॉक्टरांनी किसनभाऊंना विचारलं. त्यांनी होकाराची मान डोलावली.

डॉक्टर बराच वेळ वाकून बघत राहिल्या. मग बाजूला झाल्या आणि मला म्हणाल्या, बघा. मी भिंगाला डोळा लावला. सगळं हलत होतं. नुसती जिवंत वळवळ. किसनभाऊंनीही बघितलं, चपला घातल्या आणि गुरांना पाणी दाखवायचं राहिलंय म्हणून निघून गेले. मला त्यांचे आभार मानायचे होते, ते तसेच राहिले.

डॉक्टरांनी मला नेण्याजोगा छोटा जार दिला, परत कोणाबरोबर पाठवायचा ते सांगितलं. नागपूरपर्यंत तो मी मांडीवर घेऊन बसले. दिगूने वाटेत चहाला थांबू का म्हणून विचारलं नाही.

घरी

नागपूरच्या प्रयोगशाळेत लाल शेवाळ शाबूत निघालं. हिरवंही. तपकिरीची आम्ही आशाच सोडली होती. पाणबुड्याला हे सांगायला मी स्वतः गेले; तो तिसऱ्या दिवशी परत समुद्रात उतरला. लाल शेवाळाच्या आरएनएचं वाचन व्हायला, ते जुळवायला, पावसाळा गेला, दिवाळी गेली. त्या भरावाखालच्या खडकावरच्या झुबक्यांत आम्हाला विषाणूंची अशी काही गर्दी सापडली की आमच्या विभागात दिवसभर कोणी जेवायला उठलं नाही. आणि त्यातला एक तर कोणाच्याच कुळात बसेना. नवाकोरा. त्याला नाव द्यायचं होतं, आणि नाव काय द्यायचं याबद्दल माझ्या मनात जराही शंका नव्हती.

डिसेंबरात मी डॉक्टरांकडून नंबर घेऊन किसनभाऊंना फोन लावला. बोलायचं काय ते मी पाठ करून ठेवलं होतं, कारण ज्या शब्दाने त्यांना धडकी भरते त्याच्यापुढे त्यांच्या वळूचं नाव लावायची परवानगी मागायची होती. मी माझं नाव सांगताच त्यांनी ओळखलं आणि मला पुढे बोलूच दिलं नाही.

“तुमचं जगलं का?”

“जगलं, भाऊ.”

“बरं झालं.”

मग मी धीर करून विचारलं. कोणाचं वाईट करत नाही तो, म्हटलं, सुरमा नाव ठेवू का त्याला? पलीकडून गोठ्यातला आवाज येत होता, कोणीतरी बादली आपटत होतं.

“ते नाव तं गेलं, बाई,” किसनभाऊ म्हणाले. “त्या दिवशीची गाय व्याली. गोऱ्हा झाला. त्याले देलं म्या.”